दुखणं लिफ्टला, संमोहन मला

"आता तुम्ही एका सुंदर लिफ्टमध्ये उभे आहात," बाई म्हणाल्या. "दहावा मजला. लिफ्ट हळूहळू खाली निघाली आहे..."

मी डोळे उघडले.

"दार लागलं का?"

"काय?"

"दार. दार लागल्याचं तुम्ही बोललाच नाहीत. दार उघडं असताना लिफ्ट निघाली तर ती सुंदर नाही, बिघडलेली आहे."

संमोहनवाल्या बाईंनी चष्मा वर सरकवला. पन्नाशीच्या, शांत चेहऱ्याच्या, आवाज दुधावरच्या सायीसारखा. "बरं. दार लागलं. डोळे मिटा. नववा मजला. अंग सैल पडतंय. आठवा मजला. तुम्ही अजून खाली जाताय, अजून जड होताय..."

"आत किती माणसं आहेत?"

"तुम्ही एकटेच आहात हो!"

"मग जड कशाने होतोय मी?"

खुर्ची मागे कलणारी होती आणि दर हालचालीला कुरकुरत होती. एक थेंब तेल टाकलं असतं तर गप्प बसली असती, पण ते कुणाला सुचलेलं नव्हतं. सातव्या मजल्यावर माझ्या तळहातांना घाम फुटला. सहाव्यावर मी खुर्चीतून उठून दाराजवळ उभा होतो.

"बाई, माझा धंदा तुम्हाला कुणी सांगितला नाही का?"

त्यांनी फॉर्म उलटून पाहिला. "इथं 'देखभाल विभाग' लिहिलंय. मला वाटलं, बागेची वगैरे."

बागेची! बावीस वर्षं मी लिफ्टचा मिस्त्री आहे. तीन आठवड्यांपूर्वी एका लिफ्टने मला जवळजवळ चिरडलं होतं, म्हणून तर मी इथं आलो होतो. आणि या बाई मला पुन्हा त्याच लिफ्टमध्ये घालून दहा मजले खाली सोडत होत्या.

झालं ते आधी सांगतो.

आम्ही मिस्त्री लोक लिफ्टच्या आत कमी आणि तिच्या डब्याच्या छपरावर जास्त असतो. छपरावर एक छोटी पेटी असते, तिच्यावर लाल बटण. ते दाबलं की लिफ्ट मेली. मग कुठल्याही मजल्यावरून कुणीही बोलावली तरी ती हलत नाही. छपरावर उतरायची रीत अशी: त्रिकोणी किल्लीने मजल्याचं दार उघडायचं, हात घालून लाल बटण दाबायचं, दार परत लावायचं (दार उघडं असताना लिफ्ट तशीही हलत नाही), बाहेरून लिफ्ट बोलवायची, ती हलत नाही याची खात्री करायची आणि मगच दार उघडून छपरावर पाय ठेवायचा.

यातली ती दार लावून खात्री करायची पायरी आम्ही सगळे गाळतो. सगळे म्हणजे सगळे. दीड मिनिट जातं त्यात, आणि कंपनी एका लिफ्टला पस्तीस मिनिटं देते. मी पहिली पाच वर्षं ती पायरी इमानाने केली. पुढची सतरा वर्षं बटण दाबलं, टक आवाज ऐकला, आणि उतरलो.

त्या दिवशी आठ मजली ऑफिसच्या इमारतीत मी सहाव्या मजल्यावरून, पाचव्यावर उभ्या असलेल्या डब्याच्या छपरावर उतरलो, मागे दार लागलं, आणि आठव्या मजल्यावरून कुणीतरी लिफ्ट बोलावली. डबा मला घेऊन तीन मजले सुसाट वर गेला. मी पालथा पडलो. वर जेमतेम बसण्याएवढी जागा उरते, तेवढीच उरली. हेल्मेटवर तुळईची एक लांब पांढरी रेघ उमटली. खरचटलंसुद्धा नाही मला.

आमच्या साहेबांनी रिपोर्ट लिहिला: 'मिस्त्री लाल बटण दाबायला विसरला.'

या साहेबांना आम्ही पाठीमागे 'चालवून-घ्या' म्हणतो. दोर झिजलाय म्हणावं, तर "आजच्या दिवस चालवून घ्या." दाराचा रबर गेलाय, "चालवून घ्या." त्यांच्या घरी आग लागली तरी आधी हेच म्हणतील.

"मी बटण दाबलं होतं, साहेब."

"बटण चांगलंय. तुझ्या जोडीदाराने दाबून पाहिलंय. आत जातं, बाहेर येतं, टक वाजतं. अजून काय गाणं म्हणायला पाहिजे त्याने?"

मी जोडीदाराला बाजूला घेतलं. चौदा वर्षं आम्ही एकत्र काम करतोय. "दार लावून, बोलावून पाहिलीस?"

त्याने उलट मलाच विचारलं, "तू पाहतोस का?"

माझं तोंड बंद करायला सतरा वर्षांचा पुरावा होता.

पण त्यापेक्षा वाईट पुढेच झालं. दहा वेळा दहा जणांनी विचारलं, "खरंच दाबलं होतंस का रे?" आणि अकराव्या वेळी मीच मला विचारलं. बोटाला आठवत होतं, पण डोक्याला खात्री नव्हती. मग एकदा दुसऱ्याच इमारतीत मजल्याचं दार उघडलं आणि गुडघ्यातून कुणीतरी खिळा काढून घ्यावा तसे पाय गेले. हातात किल्ली घेऊन मी तिथल्या लादीवर बसलो. ऑफिसातल्या मुलींनी पाणी आणून दिलं. असं तीनदा झालं, त्यात दोनदा त्या आठ मजली इमारतीतच.

साहेब म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत छपरावर उभा राहून दाखव. नाहीतर गोदामात बस, स्क्रू निवडत."

त्यावर आमच्या घरातल्या डॉक्टर, म्हणजे माझी बायको, पुढे सरसावल्या. ती कपड्यांच्या कारखान्यात कापड कापते आणि तिला अर्धशिशीचा त्रास. दोन वर्षांपूर्वी ती या बाईंकडे गेली होती.

"अहो, माझी अर्धशिशी गेली की नाही?"

"कमी झाली. गेली कुठे?"

"महिन्यातून आठ वेळा डोकं धरून पडायचे, आता दोनदा पडते. याला तुम्ही काय म्हणता?"

"दोनदा म्हणतो."

"तुम्हाला ना, अमृत दिलं तरी त्यात मीठ आहे का ते आधी बघाल!"

साहेबांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी स्वतः फॉर्म भरला, कंपनीकडून चार बैठका मंजूर करून घेतल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. का नाही आवडणार? दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! लिफ्टची पेटी उघडायची नाही, मिस्त्रीचं डोकं उघडायचं.

तर असा मी त्या कुरकुरणाऱ्या खुर्चीत पोचलो होतो.

पहिल्या दिवशी बाईंनी माफी मागितली आणि सरावासाठी एक रेकॉर्डिंग दिलं. त्यात लिफ्ट नाही, फक्त श्वास, खांदे, जबडा, असं एकेक सैल सोडायचं. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर ऐका म्हणाल्या. मी पलंगावर आडवा झालो, बायको बाजूला कपड्यांच्या घड्या घालत बसली. "तुमचे खांदे आता..." एवढं ऐकू आलं आणि शेजारून घोरणं सुरू झालं. हातात माझाच शर्ट, अर्धी घडी घातलेला. बाई एकीकडे "शांतता अनुभवा" म्हणतायत, दुसरीकडे हिचा कारखाना चालू. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ही उठून मलाच विचारते, "काय हो, झोपलात ना मध्येच?"

दुसऱ्या बैठकीला मी घुश्शातच गेलो.

"आज लिफ्ट रद्द," बाई म्हणाल्या. "समुद्रकिनारा चालेल?"

"वाळू चपलेत जाते."

"बाग?"

"मुंग्या."

"डोंगराची वाट?"

"बाई, एवढं चालायचं असतं तर लिफ्ट कशाला दुरुस्त केल्या असत्या मी?"

इतका वेळ सायीसारखा असलेला आवाज फाटला. "अहो, मग तुम्हाला जगात कुठं सुरक्षित वाटतं ते तरी सांगा एकदा!"

त्या चिडल्या तेव्हा मला त्या पहिल्यांदा आवडल्या. मी खरं उत्तर दिलं. "मशीनच्या खोलीत. मेन स्विच पाडलेला, त्याला माझं कुलूप लावलेलं, आणि कुलपाची किल्ली माझ्या खिशात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तेच सांगा. मी गप्प बसते. डोळे मिटा किंवा मिटू नका. पण घाई करू नका. एक पायरी सांगितली की एक श्वास सोडायचा, मग पुढची."

यात काय संमोहन, असं मला वाटलं. तरी सांगायला लागलो. मशीनच्या खोलीचं दार उघडतो. श्वास. दिवा लावतो. श्वास. ग्रीसचा वास आहे, पंखा बंद आहे. आत कुणी प्रवासी नाही हे बघतो. मेन स्विच खाली पाडतो. मोटर मरते, आणि ती मेल्यावर खोलीत जी शांतता होते ती दुसरीकडे कुठेच मिळत नाही. कुलूप घालतो. ओढून बघतो. किल्ली खिशात. पाटी अडकवतो: 'काम चालू आहे.' श्वास.

केव्हातरी माझा आवाज मला लांबून यायला लागला. खालच्या चष्म्याच्या दुकानात काच घासायचं यंत्र चालू होतं, तेही ऐकू येत होतं, पण त्याचा माझ्याशी काही संबंध नव्हता. खुर्चीच्या हातावर ठेवलेला माझा हात एवढा जड झाला होता की लिफ्टच्या डब्याला तोलून धरणारं पलीकडचं लोखंडी वजन त्यालाच बांधलंय असं वाटावं. झोप नव्हती ती. उलट बावीस वर्षांत इतका जागा मी कधी नव्हतो. फक्त भीती शेजारच्या खोलीत जाऊन बसली होती.

"आता मजल्याचं दार," बाई हळूच म्हणाल्या. "जमत असेल तरच."

दार उघडतो. श्वास. हात घालतो. लाल बटण...

आणि मी रडायला लागलो. पंचेचाळीस वर्षांचा घोडा, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत, एका परक्या बाईसमोर. त्यांनी रुमाल दिला नाही, धीर दिला नाही, पाचपासून एकपर्यंत आकडे मोजून मला सावकाश बाहेर आणलं आणि पाणी पुढे केलं.

"बाई," मी म्हटलं, "मी आत होतो तेव्हा विचारायला पाहिजे होतं तुम्ही. मी त्या दिवशी बटण दाबलं होतं की नाही? मला परत आत न्या आणि विचारा."

"नाही विचारणार."

"का?"

"कारण तुम्ही उत्तर द्याल. आणि ते उत्तर खरं असेलच असं नाही. संमोहनात माणसाला जे हवं असतं तेही आठवतं, स्पष्ट आठवतं, रंगासकट. मग जन्मभर तुम्ही त्यावर विश्वास ठेवाल. तो उद्योग मी करत नाही."

माझं डोकं फिरलं. "मग तुमचा उपयोग काय? लिफ्टमध्ये घालून दहा मजले खाली सोडायचा?"

"तुमचे पाय उभे राहावेत एवढाच माझा उपयोग. आणि तेही मी अजून करावं की नाही ते ठरत नाहीये. तुमच्या साहेबांनी लिहिलंय, 'भीती काढून टाकावी.' मला लिफ्टमधलं काही कळत नाही, पण एक सांगा. ते लाल बटण खरंच काम करतं हे कळतं कसं?"

मी रीत सांगितली. दाबायचं, दार लावायचं, बाहेरून बोलवायची, हलत नाही ना बघायचं.

"मग त्या बटणाचं हे कुणी करून पाहिलं?"

खालचं यंत्र थांबलं. मी खुर्चीत हललो, खुर्ची कुरकुरली.

"कुणीच नाही," मी म्हटलं.

"तुम्हीही नाही, तुमच्या जोडीदारानेही नाही, साहेबांनीही नाही. आणि मी तुमची भीती काढून तुम्हाला पुन्हा त्याच छपरावर पाठवायचं!" आता त्याच वैतागल्या होत्या, आणि बरोबर वैतागल्या होत्या. "अहो, सगळ्या कंपनीत शहाणे असतील तर ते तुमचे गुडघे आहेत!"

घरी येताना मला घाम फुटला तो वेगळ्याच गोष्टीने. माझ्या जागी त्या इमारतीत आता जोडीदार जात होता. मी त्याला फोन लावला. "त्या छपरावर उतरू नकोस. बटण मेलेलं असेल."

"तू तुझी संमोहनं कर रे," तो म्हणाला. "तीनदा उतरलोय. काही होत नाही. आणि मी विसरत नाही बटण दाबायला."

असं झोंबलं ते वाक्य! साहेबांना फोन केला. "पेटी उघडून बघा, साहेब." साहेब म्हणाले, "तू आधी बरा हो. दोन दिवसांनी मी स्वतः येतो बघायला. छपरावर उभा राहिलास तर कामावर, नाहीतर गोदाम. तोवर आहे तसं चालवून घेऊ." बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुम्हीच जाऊन तपासा ना ते! बाहेर उभं राहूनच तपासायचंय, त्यासाठी छपरावर कशाला चढायला पाहिजे?"

"त्या दाराशी पाय उभे राहत नाहीत माझे."

"मग तेवढंच मागा बाईंकडे. दारापर्यंतचं."

हिला कधीकधी असं काही सुचतं की राग येतो, आपल्याला का सुचलं नाही म्हणून.

तिसऱ्या बैठकीत मी तेवढंच मागितलं. भीती राहू दे, पण दारात दीड मिनिट उभं राहता आलं पाहिजे. बाई हसल्या. म्हणाल्या, हे करण्यासारखं आहे. पुन्हा मशीनची खोली, पुन्हा श्वास, पुन्हा तो जड हात. या वेळी त्या हातात माझी त्रिकोणी किल्ली होती. किल्ली मुठीत आली की श्वास सोडायचा, टाचा जमिनीला लावायच्या, आणि पुढची पायरी मनात नाही, तोंडाने बोलायची. पंधरा-वीस वेळा करून घेतलं. शेवटी मी वैतागून म्हटलं, "बाई, पाठ झालं."

"पाठच व्हायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

ठरल्या दिवशी सकाळी अकरा वाजता सहाव्या मजल्यावर आम्ही तिघे. साहेब घड्याळ बघत, जोडीदार माझ्याकडे न बघता, आणि मी. डबा पाचव्या मजल्यावर उभा केलेला, म्हणजे त्याचं छप्पर आमच्या पायांच्या पातळीला. मी किल्ली मुठीत धरली. पाय थरथरायला लागलेच. श्वास सोडला. टाचा लावल्या.

"दार उघडतो," मी मोठ्याने म्हटलं.

"कुणाला सांगतोय हा?" साहेब.

"संमोहन चढलंय," जोडीदार.

दार उघडलं. आत काळा शाफ्ट, तेलाचा वास, दोर. पण पाय होते, जागेवर होते. "हात घालतो. लाल बटण दाबतो." टक. साहेबांनाही ऐकू गेलं.

"हं, दाबलंस. आता उतर. आणि तू," साहेब जोडीदाराकडे वळले, "तू पण जा त्याच्याबरोबर, पडला-बिडला तर."

जोडीदार बॅग घेऊन पुढे आला, एक पाय उचलला. मी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि दार लावून घेतलं.

"दार का लावलंस?"

"दार लावतो," मी म्हटलं. श्वास. "आता लिफ्ट बोलवतो. साहेब, तुम्हीच बोलवा. ते बटण तुमच्या हाताशी आहे."

"अरे, वेळ कुठं आहे या नाटकाला..."

"दाबा, साहेब!"

माझा आवाज इतका चढला की समोरच्या ऑफिसातून दोन डोकी बाहेर आली. चारचौघांत तमाशा नको म्हणून साहेबांनी बोट पुढे केलं आणि बटण दाबलं.

वर मोटर घुमली.

तो आवाज मी बावीस वर्षं ओळखतो. दोर ताणल्याचा, मग डबा सरकल्याचा. जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या त्या पायाकडे. सगळं चार-पाच सेकंदांत झालं. "सहावा मजला," लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात म्हणाली आणि साहेबांसमोर दार अदबीने उघडलं. आत कुणी नव्हतं. दिवा चालू, आरसा स्वच्छ, आरशात आम्ही तिघे.

दार वाट बघून बंद झालं.

"म्हणजे..." साहेबांनी घड्याळात पाहिलं. "आजच्या दिवस ही बाजूला ठेवू. तोवर दुसरी चाल..."

"साहेब," जोडीदार म्हणाला, "तो शब्द तोंडातून काढू नका." आणि तो सावकाश भिंतीला टेकत खाली लादीवर बसला. तीनदा उतरला होता तो त्या छपरावर. ऑफिसातली एक मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आली, सवयीने माझ्यापुढे धरला. मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

मग मी वर मशीनच्या खोलीत गेलो. आत कुणी नाही हे बघून मेन स्विच पाडला, कुलूप घातलं, ओढून पाहिलं, किल्ली खिशात टाकली. सातव्या मजल्याचं दार उघडलं. प्रत्येक पायरी तोंडाने बोलत होतो, लोक बघत होते, बघू देत. आणि छपरावर पाय ठेवला. सांगायला लाज नाही, भीती कुठंही गेली नव्हती, ती माझ्या शेजारी उभी होती, आणि मेन स्विच पडलेला आहे हे तिलाही माहीत होतं.

पेटी उघडली. बटण आत जात होतं, टक वाजत होतं, आणि त्याच्या मागची तांब्याची दोन टोकं जळून एकमेकांना चिकटलेली होती. कितीही दाबा, ती सुटून लिफ्टची वीज तुटणारच नव्हती. मी स्क्रू काढले आणि ते बटण खिशात घातलं. रिपोर्टला जोडायला.

खालून जोडीदाराचा आवाज आला. "ठीक आहेस ना रे?"

"मी बटण दाबलं होतं," मी म्हटलं.

"काय?"

"दाबलं होतं मी!" शाफ्टमध्ये ते आठही मजले ऐकू गेलं असेल. "आणि दार लावून बघितलं नव्हतं!"

खालून उत्तर आलं, "मी पण नव्हतं बघितलं."